जुन्या खरेदीचा गोडवा
स्थावर मालमत्तेचे समभाग, भाडे आणि खरेदीमूल्यावरील परताव्याचे गणित

पुण्यातील व्यापारी कुटुंबांचा विटामातीवरील विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. रविवार पेठ, भवानी पेठ, लक्ष्मी रस्ता आणि गुलटेकडीचा मार्केट यार्ड येथील पेढ्यांनी कमावलेला नफा आधी मालाच्या साठ्यात, मग गोदामात आणि शेवटी भाड्याने देण्याजोग्या गाळ्यात गेला. गेल्या काही वर्षांत या प्रवासाला नवे वळण मिळाले आहे. घरातील तरुण पिढी गाळा विकत घेण्याऐवजी बांधकाम कंपन्यांचे समभाग आणि ‘रीट’ म्हणजे स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांचे युनिट घेऊ लागली आहे. त्याबरोबर एक नवा आकडाही कौटुंबिक चर्चेत आला आहे, तो म्हणजे ‘यील्ड ऑन कॉस्ट’, अर्थात खरेदीमूल्यावरील परतावा.

या आकड्याचे गणित सोपे आहे. एका समभागावर वर्षभरात मिळालेला लाभांश आपल्या मूळ खरेदीभावाने भागायचा आणि शंभराने गुणायचे. बाजारातील चालू भावाने भागले, तर मिळतो तो चालू परतावा. अंश तोच, छेद निराळा. पण या दोन छेदांची गल्लत झाली, तर चांगली मालमत्ता विकली जाते, सुमार मालमत्ता सांभाळली जाते आणि कधी कधी भावाभावांतील वाटणीही विषम होते.

गोदामाचे उदाहरण

समजा, आजोबांनी भवानी पेठेत ४ लाख रुपयांना गोदाम घेतले. आज त्याचे मासिक भाडे २० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार रुपये येते. खरेदीमूल्यावर हा परतावा ६० टक्के होतो. ऐकणारा थक्क होतो. पण त्याच गोदामाला आज १ कोटी रुपये देणारा गिऱ्हाईक असेल, तर चालू परतावा २.४ टक्केच आहे. बँकेच्या मुदत ठेवीपेक्षाही तो कमी पडतो.

६० टक्क्यांचा आकडा खोटा नाही. आजोबांची खरेदी किती दूरदृष्टीची होती, हे तो सांगतो. मात्र १ कोटीची ही मालमत्ता आज ठेवावी की विकावी, या प्रश्नाला तो उत्तर देऊ शकत नाही. मालाच्या बाबतीत व्यापाऱ्याला हे सांगावे लागत नाही. गेल्या वर्षी स्वस्तात घेतलेली साखर विकताना तो आजचा भाव पाहतो. मालमत्तेच्या बाबतीत मात्र जुन्या खरेदीचा गोडवा हिशेबावर मात करतो.

समभाग एक, परतावे दोन

डीएलएफ या मोठ्या बांधकाम कंपनीने जून २००७ मध्ये ५२५ रुपये दराने समभाग विकले. पुढच्या वर्षीच्या जागतिक मंदीत बांधकाम क्षेत्र कोसळले आणि २००९ च्या प्रारंभी हाच समभाग दीडशे रुपयांच्या आसपास मिळत होता. २०२४-२५ या वर्षासाठी कंपनीने प्रतिसमभाग ६ रुपये लाभांश दिला. ज्याने ५२५ रुपयांना घेतले, त्याचा खरेदीमूल्यावरील परतावा १.१ टक्का; ज्याने १५० रुपयांना घेतले, त्याचा ४ टक्के. २०२५ च्या मध्यास बाजारभाव आठशे रुपयांच्या आसपास होता. त्या भावाने नव्याने घेणाऱ्याला जेमतेम पाऊण टक्का पडतो.

कंपनी तीच, लाभांशही तोच. म्हणजे खरेदीमूल्यावरील परतावा कंपनीचा गुण सांगत नाही. खरेदीची वेळ साधली की चुकली, हे सांगतो. शिवाय सदनिका बांधून विकणाऱ्या कंपनीचे उत्पन्न भाड्यासारखे नियमित नसते. प्रकल्प विकले गेले की पैसा येतो आणि तो पुन्हा जमीन घेण्यात गुंततो. पुण्याच्याच कोलते-पाटील डेव्हलपर्सचे समभाग नोव्हेंबर २००७ मध्ये १४५ रुपये दराने विकले गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांनाही मंदीचा तडाखा बसला. अशा कंपन्यांचे मोल लाभांशावरून ठरवणे म्हणजे आंब्याच्या बागेची परीक्षा एका हंगामावरून करण्यासारखे आहे. त्यांच्या बाबतीत जमिनीचा साठा, कर्ज, विक्रीची गती आणि ग्राहकांकडून होणारी वसुली हे चार आकडे अधिक बोलके असतात.

रीट : भाड्याचा खरा हिशेब

खरेदीमूल्यावरील परताव्याचा खरा उपयोग भाड्यावर चालणाऱ्या मालमत्तेत होतो. सेबीने २०१४ मध्ये रीटचे नियम केले. त्यांनुसार किमान ८० टक्के रक्कम बांधून पूर्ण झालेल्या, भाडे देणाऱ्या मालमत्तेत असावी लागते आणि वाटपयोग्य रोख उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग युनिटधारकांना द्यावा लागतो. २०२१ पासून बाजारात एक युनिटही घेता येते.

देशातील पहिला रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, १ एप्रिल २०१९ रोजी शेअर बाजारात नोंदला गेला. विक्रीचा दर होता ३०० रुपये. हिंजवडीतील क्वाड्रॉन, क्यूबिक्स आणि टेकझोन ही संकुले त्याच्याच मालकीची. येरवड्याचे कॉमरझोन माइंडस्पेस रीटकडे आहे. म्हणजे पुणेकराला रोज दिसणाऱ्या इमारतींचे भाडे या युनिटांमधून वाटले जाते.

एम्बसीने २०१९-२० मध्ये प्रतियुनिट सुमारे २४ रुपये ४० पैसे वाटले. पुढील चार वर्षे हा आकडा २१ ते २२ रुपयांत राहिला आणि २०२४-२५ मध्ये २३ रुपयांवर आला. ३०० रुपयांच्या खरेदीवर पहिल्या वर्षी ८.१ टक्के, मग ७.१ ते ७.३ टक्के आणि शेवटी ७.७ टक्के असा हा क्रम आहे. येथे हा आकडा उपयोगी ठरतो. मूळ खरेदीदाराला नियमित रोकड मिळाली, पण ती वाढली नाही. दरम्यान महागाई दरवर्षी सरासरी पाच टक्क्यांच्या वर चढत होती. २०१९-२० मधील २४ रुपयांची क्रयशक्ती टिकवायला २०२४-२५ मध्ये ३० रुपयांहून अधिक लागले असते.

असे का झाले? कार्यालयांच्या करारांत दर तीन वर्षांनी सुमारे १५ टक्के भाडेवाढ सर्रास असते, पण ती भरलेल्या जागेलाच लागू पडते. कोविडनंतर हिंजवडीच्या क्वाड्रॉनमध्ये निम्म्याच्या आसपास जागा रिकामी राहिली. त्यातच मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला आणि कर्जावरील व्याज वाढले. रिकामी जागा आणि महाग कर्ज ही दोन्ही दुखणी गाळेमालकाला चांगली परिचयाची आहेत.

परतावा की आपलेच भांडवल?

रीटच्या वाटपात तीन प्रकारचा पैसा असू शकतो : व्याज, लाभांश आणि कर्जफेडीच्या रूपाने परत येणारे भांडवल. तिसरा भाग म्हणजे आपलाच पैसा आपल्याकडे परत येणे. २०२३ च्या वित्त कायद्यानुसार ही रक्कम युनिटच्या खरेदीमूल्यातून वजा होते आणि अशा रकमांची बेरीज मूळ विक्रीदराच्या पुढे गेली की वरचा भाग करपात्र उत्पन्न ठरतो.

याचा परिणाम हिशेबावर होतो. समजा, ३०० रुपयांच्या युनिटवर दरवर्षी ८ रुपये भांडवल परत आले, तर दहा वर्षांनी खरेदीमूल्य २२० रुपये राहील. २३ रुपयांच्या वाटपावर परतावा ७.७ वरून साडेदहा टक्क्यांवर गेलेला दिसेल, जरी भाडे एक रुपयानेही वाढलेले नसेल. म्हणून तुलनेसाठी मूळ खरेदीभावच धरावा, परत आलेले भांडवल निराळ्या रकान्यात लिहावे आणि व्याज व लाभांशावरील कर वजा करूनच हातात आलेली रक्कम मोजावी. कराच्या बारकाव्यांसाठी घरच्या सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा.

वाटणीच्या वेळी

या आकड्याची खरी कसोटी कुटुंबाच्या वाटणीत लागते. एका भावाकडे ‘६० टक्के देणारे’ गोदाम आणि दुसऱ्याकडे ‘७ टक्के देणारे’ रीट अशी भाषा झाली, तर पहिल्याला घबाड मिळाले असे वाटते. प्रत्यक्षात वर घेतलेल्या उदाहरणातील गोदाम १ कोटीवर २.४ टक्के देते, तर २०२५ च्या मध्यातील सुमारे ३८५ रुपयांच्या भावाने एम्बसीचे युनिट ६ टक्क्यांच्या आसपास देते. एकाला रोकड कमी, पण पेठेतील जागेच्या भाववाढीची आशा. दुसऱ्याला रोकड अधिक, पण जागेचा ताबा नाही. बहिणीचा हिस्सा ठरवतानाही हाच नियम लागू होतो. वाटणीचे मूल्य आजच्या बाजारभावाने काढावे. जुने खरेदीमूल्य वारसाकडे जाते ते भांडवली नफ्यावरील कराच्या हिशेबापुरते. म्हणून त्याचे कागद जपावेत, पण न्याय त्यावर तोलू नये.

अनेकांतवादाची शिकवण अशी की, एका नयाने पाहिलेले सत्य अंशतः सत्य असते. खरेदीमूल्यावरील परतावा हा असाच एक नय आहे. तो भूतकाळाकडून पाहतो आणि उत्पन्न वाढते आहे की थिजले आहे, हे दाखवतो. चालू परतावा वर्तमानाकडून पाहतो आणि आज पैसा कुठे असावा, हे विचारतो. दोन्ही शेजारी मांडले तरच मालमत्तेचे रूप पूर्ण दिसते. अपरिग्रहाचा विचार करताना आपण वस्तूंच्या आसक्तीविषयी बोलतो. स्वस्तात घेतल्याच्या अभिमानाने मालमत्तेला कवटाळून बसणे, हीसुद्धा आसक्तीच होय.

ज्ञानपंचमीला नव्या वर्षाचे हिशेब सुरू होतात. त्या निमित्ताने घरातील प्रत्येक समभाग, युनिट आणि गाळ्यासमोर पाच रकाने आखावेत : खरेदीचे वर्ष व भाव, आजचा भाव, वर्षभरात हाती आलेली करोत्तर रक्कम, त्यातील परत आलेले भांडवल आणि पाच वर्षांपूर्वीचे उत्पन्न. मग एकच प्रश्न विचारावा : ही मालमत्ता आज आपल्याकडे नसती, तर आजच्या भावाने आपण ती घेतली असती का? उत्तर ‘होय’ असेल, तर ती निश्चिंतपणे ठेवावी. ‘नाही’ असेल, तर आजोबांच्या दूरदृष्टीला वंदन करून पुढचा निर्णय आजच्या हिशेबाने घ्यावा.