बेस गिटार

बेस गिटार (किंवा इलेक्ट्रिक बेस) हे खर्जातील स्वरांसाठी बनवलेले विद्युत तंतुवाद्य आहे. गाण्याचा ताल आणि स्वर यांना एकत्र बांधणे हे त्याचे मुख्य कार्य होय. डबल बेस या अवजड वाद्याला सुटसुटीत पर्याय म्हणून बेस गिटार विकसित झाली. पुढे कमी किमतीचे नमुने बाजारात आल्यामुळे तिचा प्रसार सर्वसामान्य वादकांपर्यंत झाला.

रचना आणि स्वर

बेस गिटारला सामान्यतः चार जाड तारा असतात. त्या ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावतात. लगतच्या दोन तारांमध्ये षड्ज ते शुद्ध मध्यम एवढे अंतर असते. सर्वांत जाड तारेची कंप्रता सुमारे ४१ हर्ट्‌झ, तर सर्वांत बारीक तारेची सुमारे ९८ हर्ट्‌झ असते. तारेची प्रचलित लांबी ३४ इंच (सुमारे ८६ सेंमी) असून लहान हातांसाठी ३० इंचांचे नमुनेही मिळतात. तारांची कंपने पिकअपमधील चुंबक व वेटोळ्यांमुळे विद्युत संकेतात बदलतात आणि अँप्लिफायरमधून ऐकू येतात.

इतिहास

१९३०च्या दशकात अमेरिकेतील सिॲटल येथे पॉल टुटमार्क यांनी पडदे असलेली विद्युत बेस बनवली. परंतु ती फारशी प्रचलित झाली नाही. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. पट्टीवरील पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, हे या नावातून सुचवलेले आहे.

१९६१ मध्ये पॉल मॅककार्टनी यांनी हँबर्ग येथे हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस सुमारे ३० पौंडांना घेतली. फेंडरची बेस त्यांच्या ऐपतीबाहेर होती. बीटल्सच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत हेच स्वस्त वाद्य वापरले गेले. १९७२ मध्ये चोरीस गेलेले हे वाद्य त्यांना परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. फेंडरने १९८२ पासून ‘स्क्वायर’ या नावाने कमी किमतीची वाद्ये विकण्यास सुरुवात केली.

महाराष्ट्रातील वापर

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात बेस गिटार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ हे या वाद्याचे नामवंत वादक होते. मुंबईत १९९६ मध्ये जन्मलेल्या मोहिनी डे यांना बालपणीच वडिलांकडून या वाद्याचे शिक्षण मिळाले. पुढे त्यांनी ए. आर. रहमान यांच्यासह अनेकांना साथ केली. मुंबईतील धोबीतलाव परिसर पाश्चात्त्य वाद्यांच्या खरेदीसाठी प्रसिद्ध असून १८६५ मध्ये स्थापन झालेले ‘फुर्टाडोज’ हे दुकान तेथीलच आहे.

ग्रामीण भागात या वाद्याचा वापर मर्यादित आहे. लेण्याद्री आणि ओझर ही अष्टविनायकांची स्थाने असलेल्या जुन्नर तालुक्यात भजनाची परंपरा आहे, तर याच तालुक्यातील नारायणगाव तमाशाचे केंद्र म्हणून ओळखले जाते. भजनात खर्जाची बाजू पखवाजाचा डावा हात सांभाळतो. ढोलकी, हलगी व तुणतुणे या पारंपरिक साथीत किबोर्ड आणि ऑक्टोपॅड यांची भर पडल्यानंतर खर्जाचे स्वर बहुधा किबोर्डवादकाच्या डाव्या हाताकडे आले. यामागे आर्थिक कारण आहे. एका किबोर्डमध्ये अनेक वाद्यांचे ध्वनी मिळतात. बेस गिटारसाठी मात्र स्वतंत्र वाद्य, स्वतंत्र अँप्लिफायर आणि स्वतंत्र वादक लागतो. वाद्य परवडण्याचा प्रश्न या परिसराला नवा नाही. बालपणाचा काही काळ जुन्नर, शिरूर व राजगुरुनगर येथे घालवलेले संगीतकार अजय–अतुल यांच्याकडे सुरुवातीला स्वतःची वाद्ये नव्हती. वाद्ये असणाऱ्यांशी मैत्री करून ते शिकले.

असे असले तरी बोटाच्या आघातातील कमीजास्त जोर आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड या गोष्टी बेस गिटारवर अधिक सहज साधतात.

स्वस्त वाद्याची निवड

कमी किमतीच्या वाद्यात लाकडापेक्षा जुळणीतील दोष अधिक जाणवतात. मान सरळ आहे का, पडद्यांची टोके बोचतात का आणि खुंट्या स्वर धरून ठेवतात का, हे आधी तपासावे. त्यानंतर बाराव्या पडद्यावर तारेला हलका स्पर्श करून निघणारा स्वर आणि त्याच पडद्यावर तार दाबून निघणारा स्वर यांची तुलना करावी. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडीवरील सरकते टेकण मागे घेऊन तारेची लांबी वाढवावी लागते. तारांची उंची कमी केल्यास बोटांवरील ताण घटतो. योग्य जुळणी आणि नव्या तारा यांमुळे साधे वाद्यही मंचावर वापरण्याजोगे होते.

अँप्लिफायर निवडताना अधिक काळजी घ्यावी लागते. मोबाइलच्या लहान स्पीकरमधून ४१ हर्ट्‌झचा मूळ स्वर जवळजवळ ऐकू येत नाही, तर साध्या गिटारच्या अँप्लिफायरवर मोठ्या आवाजात बेस वाजवल्यास स्पीकरचा पडदा फाटू शकतो. घरगुती सरावासाठी हेडफोनची सोय असलेला छोटा बेस अँप्लिफायर पुरेसा असतो.

वादन

उजव्या हाताची तर्जनी व मध्यमा आळीपाळीने तार छेडतात. डावा हात पडद्यांमागे तार दाबतो. न वाजणाऱ्या तारा बोटांनी शांत ठेवणे तेवढेच महत्त्वाचे असते. नवशिका वादक प्रत्येक स्वरसंघाचा मूळ स्वर ड्रमच्या ठोक्याबरोबर वाजवण्यापासून सुरुवात करतो. ठोक्याच्या किंचित पुढेमागे झाल्यास संपूर्ण वाद्यवृंद सैल वाटू लागतो.

देखभाल आणि सुरक्षितता

हवेतील आर्द्रतेनुसार लाकडी मानेचा बाक बदलतो. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेकडील घाटभागात पावसाळा दमट आणि उन्हाळा कोरडा असल्याने ऋतू बदलताना मानेतील लोखंडी सळई हलक्या हाताने जुळवून घ्यावी लागते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असून त्याची घरघर बेस गिटारच्या स्वरमर्यादेतच येते. वाद्याच्या तारा अँप्लिफायरच्या आवरणाशी विद्युतदृष्ट्या जोडलेल्या असतात. त्यामुळे अर्थिंग नसलेल्या जोडणीवर वादकाला धक्का बसण्याचा धोका असतो. गावच्या उत्सवातील तात्पुरत्या मांडवात वाद्य जोडण्यापूर्वी अर्थिंगची खात्री करणे आवश्यक असते.