पार्टनर गेला, व्यायाम राहिला!

आपल्या होस्टेलवर व्यायामाचे दोन सीझन असतात. एक १ जानेवारीला सुरू होऊन मकरसंक्रांतीला संपतो आणि दुसरा गॅदरिंगच्या आधी तीन आठवडे. दोन्ही सीझनमध्ये ग्राउंडवर इतकी गर्दी असते की धावायला नंबर लावावा लागेल. मग सबमिशन येतात आणि ग्राउंडवर पुन्हा फक्त रेक्टर सरांचा कुत्रा.

मी या नियमाला अपवाद आहे असं मला सेकंड इयरभर वाटत होतं. कारण माझा रूम पार्टनर रोज पावणेसहाला माझी चादर ओढायचा. शिव्या देत उठायचो, पण उठायचो. वर्षभर धावलो, जोर मारले, अंगात जरा दम आला. थर्ड इयरला त्याने रूम बदलली आणि माझा व्यायाम चौथ्या दिवशी बंद पडला. चौथ्या! म्हणजे वर्षभर व्यायाम मी करत होतो की तो, हाच प्रश्न होता. तरी मी तेव्हा त्यावर फार विचार केला नाही. विचार करायची वेळ आली ती दिवाळीच्या सुट्टीत, घरी गेल्यावर.

माझं गाव अंजनवेल. गुहागर तालुका. वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते त्या तोंडावर, पलीकडे दाभोळ. वीज प्रकल्पामुळे आमच्या गावाचं नाव नव्वदच्या दशकात पेपरात खूप आलं, पण मी बोलणार आहे ते बाबांबद्दल. श्रावणात बाबांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर सांगितलं, रोज चाळीस मिनिटं चाला. हृदयाची माहिती असलेलं एक रंगीत पत्रकही दिलं. ते पत्रक आईने कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं होतं. बाबा मात्र अकरा दिवस चालून थांबले होते.

मी जरा चिडूनच विचारलं, "बाबा, चालायला काय पैसे पडतात का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, रस्त्याला जो भेटतो तो विचारतो, कुठे निघालात? काय सांगू त्याला? कुठेच नाही, म्हणून?"

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. गावात माणूस चालतो तो कशासाठी तरी. बाजाराला, बागेत, देवळात, एसटी पकडायला. काम नसताना रिकाम्या हाताने भरभर चालणारा माणूस गावात एकटा पडतो. इथे एक हजार पोरांच्या होस्टेलमध्ये पार्टनरशिवाय मी चार दिवस टिकलो नव्हतो, आणि हृदयाला जाळी बसवलेल्या माणसाला मी पैशाचा हिशोब विचारत होतो.

सुट्टी संपल्यावर लायब्ररीत बसून या विषयावर जे मिळेल ते वाचलं. (त्या आठवड्यात 'हीट ट्रान्सफर' वाचायला हवं होतं, ते असो.)

पहिली गोष्ट म्हणजे सोबतीचा परिणाम हा मनाचा खेळ नाही, तो मोजलेला आहे. १८९८ साली नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकन माणसाने सायकल शर्यतींचे आकडे तपासले. एकटा घड्याळाविरुद्ध सायकल मारणारा आणि दुसऱ्यांबरोबर मारणारा, यात दुसरा वेगवान. मग त्याने मुलांना मासेमारीच्या गळाचं रीळ गुंडाळायला दिलं. आधी एकेकट्याने, मग जोडीने. बरीच मुलं जोडीत जास्त वेगाने गुंडाळत होती. पण काही मुलं उलट हळू झाली! याचं उत्तर पुढे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने शोधलं, आणि त्यासाठी १९६९ साली त्याने चक्क झुरळं वापरली (आपल्या मेसमध्ये आला असता तर फुकटात मिळाली असती). सरळ वाटेवर झुरळ इतर झुरळांच्या देखत वेगाने पळतं. पण वाट वळणाची, शोधावी लागणारी असेल तर प्रेक्षकांपुढे ते गडबडतं आणि एकटं असताना लवकर पोचतं. थोडक्यात, येत असलेलं काम चारचौघांत छान होतं आणि शिकायचं काम एकट्याने. म्हणजे जोर नीट मारायला शिकायचं असेल, कंबर न झोकता बैठक मारायची असेल, तर रिकामं ग्राउंड ही अडचण नसून सोय आहे. मला तरी हे वाचून बरं वाटलं. पार्टनरबरोबर मी वर्षभर जे जोर मारले त्यात कोपर अर्धंच वाकत होतं, कारण लक्ष सगळं आकड्यावर.

दुसरी गोष्ट म्हणजे कारण. आपण बहुतेक जण 'कॅलरी जाळायला' सुरुवात करतो. आता इंजिनिअर आहोत तर हिशोब करू. ६० किलोचा मुलगा चार मजले, म्हणजे साधारण १२ मीटर चढला, तर काम झालं ६० × ९.८ × १२, म्हणजे सुमारे ७००० ज्यूल. किलोकॅलरीत पावणेदोनच्या आत. शरीराची कार्यक्षमता साधारण पाव धरली तरी खर्च सातच्या आसपास. एक वडापाव तीनशेच्या घरात जातो. म्हणजे एका वडापावासाठी होस्टेलचे जिने चाळीस-बेचाळीस वेळा चढा! हा हिशोब रोज डोक्यात ठेवून एकटा माणूस आठवड्यात हात टेकणारच. दम वाढतो, झोप लागते, साखर आणि रक्तदाब ताळ्यावर राहतो, हे फायदे खरे आहेत, पण वजनकाट्यावर ते लगेच दिसत नाहीत.

आणि नुसतं महत्त्व पटवून तरी काय होतं? इंग्लंडमध्ये २००२ साली सारा मिल्न आणि सहकाऱ्यांनी २४८ कॉलेज विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आठवड्यात एकदा वीस मिनिटं घाम निघेल असा व्यायाम करायचा, एवढंच. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. त्यातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराची माहिती वाचायला दिली. ३५ टक्के! तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली, पण शिवाय एका वाक्यात लिहून घेतलं की कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार. ९१ टक्के. हे वाचलं आणि मला कॅलेंडरच्या खिळ्याला लटकलेलं ते पत्रक आठवलं.

आपल्याकडचं याहून मोठं उदाहरण म्हणजे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१). सातारा जिल्ह्यातलं हे छोटं संस्थान. या राजांनी १८९७ साली त्या काळी जगभर गाजलेल्या सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि दहा वर्षं तो व्यायाम केला. मग १९०८ च्या सुमारास मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्कार धरले आणि ते उतारवयापर्यंत चालू ठेवले. संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले. १९३८ साली, वयाच्या सत्तरीत, त्यांचं या विषयावरचं पुस्तक लंडनला छापलं गेलं. राजाला रोज सकाळी उठवणारा पार्टनर कोण असणार? मला वाटतं नमस्काराची रचनाच एकट्या माणसासाठी आहे. स्वतःच्या उंचीएवढी जागा पुरते, साधन लागत नाही. शिवाय सूर्याची बारा नावं क्रमाने घ्यायची, म्हणजे आकडा मोजणारा कोणी शेजारी नसला तरी चालतं. कोणत्या नावापर्यंत आलो हे तोंडालाच माहीत असतं.

लोकमान्यांचंही सांगतात की डेक्कन कॉलेजचं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवलं. पण हे उदाहरण एचओडींपुढे देऊ नये. त्यांना पुढे गणितात पहिला वर्ग मिळाला, आपलं एम-थ्री अजून राहिलंय.

तर आम्ही काय केलं. बाबांसाठी आधी 'कुठे निघालात' ला उत्तर शोधलं. टाळकेश्वर! दीपगृहाजवळचं हे देऊळ आमच्या घरापासून जाऊन येऊन बाबांच्या चालीने चाळीस मिनिटांच्या आसपास पडतं. हातात परसातली जास्वंदीची चार फुलं. आता कोणी काही विचारत नाही, उलट एक-दोघं म्हणतात, माझंही फूल वाहा. आईने कागदावर त्यांच्याकडून लिहून घेतलं, 'चहा झाला की कप विसळून चप्पल घालणार आणि टाळकेश्वराला जाणार.' चढ कमी-जास्त किती चालेल ते डॉक्टरांना विचारलं. छातीत दुखलं किंवा धाप लागली की तिथेच थांबायचं आणि फोन खिशात असल्याशिवाय निघायचं नाही, हे मी बजावलं.

पावसाचं काय? कोकणात चार महिने कोण चालणार? तर पडवी. आमची पडवी वीस फूट, म्हणजे सहा मीटर. अडीचशे वेळा गेलं की दीड किलोमीटर. मोजायला पंचवीस काजूबिया एका वाटीत ठेवायच्या, दर दहा खेपांनी एक बी दुसऱ्या वाटीत. रोज एवढं केलं की झालं. आईचं म्हणणं, बिया संपेपर्यंत हाक मारली तरी ओ देत नाहीत.

माझं वाक्य वेगळं आहे. आपल्या होस्टेलला सोलरचं गरम पाणी साडेसहाला येतं आणि बादल्यांची रांग सहापासून लागते. म्हणून, 'बादली रांगेत ठेवली की तिथूनच ग्राउंडवर.' बूट रात्रीच बादलीत ठेवतो. बादली उचलायची तर बूट हातात येतातच. (बादली चोरीला गेली तर दोन्ही जातात, ही जोखीम आहे.) वजनाच्या जिममध्ये मात्र एकट्याने छातीवर बार घेऊ नका. तिथे पार्टनर हवाच, तो मोटिव्हेशनसाठी नाही, जिवासाठी.

खाडे होतात. माझे ओरल्सच्या वेळी नऊ दिवस झाले आणि 'आता काय, गेलंच' असं वाटलं होतं. पण लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांच्या नव्या सवयींवर नजर ठेवली होती. तो अभ्यास २०१० साली छापला गेला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे 'एकवीस दिवसांत सवय' हे नोटीस बोर्डावरचं वाक्य विसरा. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यांना दिसलं. माझे नऊ होते, पण मी सूट घेतली! दहाव्या दिवशी फक्त दहा मिनिटं धावलो आणि परत आलो.

एक शेवटची युक्ती बाबांची. देवळापाशी पोचले की ते मला मिस्ड कॉल देतात. मी ग्राउंडवर पोचलो की त्यांना देतो. बोलणं काही नाही, पैसेही नाहीत. डिसेंबरात एक दिवस सात वाजले तरी त्यांचा कॉल आला नाही. मी ग्राउंडच्या मधोमध उभा राहून चार वेळा फोन लावला, बंद. पाचव्यांदा आईला लावला. ती म्हणाली, "चार्जिंगला लावायला विसरले, फोन न घेताच गेलेत. येतील इतक्यात." ते आले तेव्हा मी खूप बोललो आणि त्यांनी ऐकून घेतलं. तेव्हापासून फोन रात्रीच चार्जिंगला लागतो.

आज कॉल सहा बावन्नला आला. मी गादीवरच होतो. पाच मिनिटांनी पुन्हा आला.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी