यंत्राची दृष्टी आणि चंडीगडचे सचिवालय

चंडीगड येथील सचिवालयाची इमारत ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार 1958 साली पुरी झाली. सुमारे 254 मीटर लांबीच्या तिच्या दर्शनी भागावर ऊन अडविणाऱ्या काँक्रीटच्या चौकटी ओळीने मांडलेल्या आहेत. काँक्रीटच्या झिजेची नोंद राहावी म्हणून छायाचित्रांवरून अशा इमारतीची प्रतिकृती रचावयाची, तर एका छायाचित्रातील अमुक कोपरा दुसऱ्यात नेमका कोठे आहे, हे संगणकास प्रथम ओळखावे लागते. जोडी चुकली, की प्रतिकृतीच वाकडी होते.

अंकीय छायाचित्र म्हणजे उजेडाच्या प्रमाणांचा तक्ता होय. कोऱ्या भिंतीवर थोडे सरकले, तरी आकडे बदलत नाहीत. सरळ कडेच्या रोखानेही नाहीत. कोपऱ्यापाशी मात्र कोणत्याही दिशेस सरकले तरी ते बदलतात. या तत्त्वावर हॅरिस व स्टीफन्स यांनी 1988 साली कोपरे शोधण्याची रीत सांगितली. परंतु चित्राचा आकार लहानमोठा झाला, की ती अडखळते. डेव्हिड लोव यांच्या 1999 सालच्या ‘सिफ्ट’ रीतीने ही उणीव भरून काढली. ती चित्र कमीअधिक धूसर करून ठळक बिंदू हेरते व प्रत्येकाचे वर्णन 128 संख्यांनी करते. काम चोख, पण वेळखाऊ! 2011 सालची ‘ऑर्ब’ रीत बिंदूभोवतालच्या ठिकाणांच्या जोड्या घेऊन अधिक उजळ कोणते एवढेच विचारते आणि 256 होय-नाही उत्तरांवर भागविते. तिच्या कर्त्यांच्या मोजणीत ती सिफ्टच्या सुमारे शंभरपट वेगवान ठरली.

मग वेगवान तीच श्रेष्ठ काय? तसे नव्हे. जोड्या पारखण्यासाठी लोव यांनी 2004 साली एक कसोटी मांडली: सर्वांत जवळच्या बिंदूचे वर्णनातील अंतर दुसऱ्या क्रमांकाच्या बिंदूच्या अंतराच्या 0.8 पटीहून अधिक असेल, तर ती जोडी टाकून द्यावी. त्यांच्या प्रयोगात खोट्या जोड्यांपैकी 90 टक्के गळाल्या आणि खऱ्यांपैकी 5 टक्क्यांहूनही कमी गेल्या. तथापि एकसारख्या चौकटींच्या रांगेत दुसरा बिंदूही पहिल्याइतकाच जवळचा दिसतो. तेथे खऱ्या जोड्याही गळतात. या अडचणीतून सिफ्ट सुटत नाही, तशी ऑर्बही सुटत नाही.

म्हणून कार्यक्षमता केवळ सेकंदांत मोजून चालत नाही. हाती असलेल्या वेळात खऱ्या जोड्या किती मिळाल्या, हेच पाहावे लागते, आणि तेही ज्या कामासाठी रीत निवडावयाची, त्याच कामाच्या चित्रांवर. उडत्या यंत्रास क्षणात वाट ठरवावयाची असते. त्यास ऑर्ब सोयीची. सावकाश करावयाच्या नोंदीस सिफ्टचा विलंब परवडतो. आणि रीत कोणतीही असो, सचिवालयाचे छायाचित्र घेताना चौकटींबरोबर बाहेर आलेला उतरणीचा मार्ग किंवा छतावरील वेगळी बांधकामे टिपून घेतली, तर यंत्रास निश्चित खूण सापडते.