कांचेच्या टाकींतील शेवाळ

ज्यांच्या दिवाणखान्यांत माशांची कांचेची टाकी आहे आणि तींत पाणवनस्पति लावलेल्या आहेत, त्यांच्याशीं आज मला थोडें बोलावयाचें आहे. ज्यांच्याकडे ती नाहीं त्यांनींही ऐकण्यास हरकत नाहीं; कारण टाकी नसली तरी नातवंडें असतात, आणि नातवंडें असलीं म्हणजे टाकी यावयास उशीर लागत नाहीं. आमच्या घरीं ती अशीच आली.

मी शास्त्रज्ञ नव्हें. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि पुढचें सारें आयुष्य शाळेंत मुलांना गणित व सृष्टिज्ञान शिकविण्यांत गेलें. त्यामुळें माझें सांगणें सुरू होतें तें माझ्याच एका चुकीपासून. नातीच्या आठव्या वाढदिवसाला २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच अशी टाकी घरांत आली. एक घनफूट म्हणजे सुमारें २८ लिटर. त्या हिशेबानें तींत ५६ लिटर मावावें. वाळू व वरची मोकळी जागा वजा जातां ४५ लिटर पाणी धरावें. तींत आठ गप्पी मासे सोडले, हायड्रिलाच्या चार काड्या रोंवल्या, आणि शोभा दिसावी म्हणून मीं ती पूर्वेच्या खिडकीशीं ठेवविली. तीन आठवड्यांत कांच हिरवी झाली, पानांवरून केसांसारखे तंतू लोंबूं लागले, आणि मासे पाहावयास डोळा कांचेला लावावा लागूं लागला.

शाळेच्या हौदाला शेवाळ धरलें म्हणजे मी तो रिकामा करवून खराट्यानें घांसून घेत असें. तोच न्याय येथें लावला. सगळें पाणी उपसलें, वाळू नळाखालीं सात वेळां धुतली, गाळणीचा स्पंज पांढरा होईपर्यंत पिळला आणि नळाचें ताजें पाणी भरलें. टाकी आरशासारखी झाली. चौथ्या दिवसापर्यंत आठांपैकीं पांच मासे मेले. नातीनें विचारलें, "आजोबा, पाणी तर स्वच्छ होतें ना?" जन्मभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलेल्या मला त्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. पंधरा दिवसांनीं शेवाळ मात्र पूर्वीप्रमाणें हजर झालें.

उत्तर पुढें सांपडलें तें असें. मासे श्वासावाटे आणि मलावाटे अमोनिया टाकतात. तो त्यांना विषच आहे. वाळूंत, दगडांवर आणि स्पंजांत वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचें प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारी, नायट्रेट बरेंच निरुपद्रवी. ही जिवाणूंची वस्ती नव्या टाकींत बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. मीं ती एका दुपारीं धुऊन काढली, आणि जे थोडे जिवाणू उरले असतील त्यांच्यावर नळाच्या पाण्यांतील क्लोरीन ओतलें. पाणी स्वच्छ होतें. पण तें राहण्यास योग्य नव्हतें, एवढाच त्यांतला फरक.

म्हणून पहिली गोष्ट ही कीं, शेवाळ म्हणजे घाण नव्हे. तीही प्रकाशावर अन्न तयार करणारी सृष्टि आहे. फक्त तिला मूळ, खोड, पान असा संसार नाहीं. तिचे सूक्ष्म बीजकण हवेंतून येतात, आणलेल्या झाडांवरून येतात, माशांबरोबरच्या पाण्यांतून येतात. त्यांचा समूळ नाश करण्याची प्रतिज्ञा कोणी करूं नये. टाकींत जो प्रकाश व जें खत आहे तें झाडांनीं आधीं उचलावें, शेवाळाच्या वांट्याला उष्टेंखरकटें यावें, इतकेंच आपल्या हातीं असतें.

हा झगडा टाकीइतकाच जुना आहे. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांचेच्या भांड्यांत दोन सोनेरी मासे आणि पट्टीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति ठेवून, झाड माशांना प्राणवायु पुरवील आणि पाणी बदलावें लागणार नाहीं, असा त्याचा अंदाज होता. तो पुष्कळसा खराही ठरला. पण जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, कांचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. तेव्हां त्यानें तळ्यांतल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें व थर खाऊन टाकला, शिवाय त्यांचीं अंडीं माशांना खाद्य झालीं. या गृहस्थाचें मला कौतुक वाटतें तें एवढ्यासाठीं कीं, त्यानें भांडें धुतलें नाहीं. त्यांत कोण कमी आहे हें पाहिलें.

आतां प्रकाशाकडे वळतों, कारण दहांपैकीं आठ घरीं दोष तेथेंच असतो. आपल्याकडचें ऊन म्हणजे विलायतेंतलें ऊन नव्हे. खिडकींतून दोन तास येणारें सकाळचें ऊनही एवढ्याशा टाकीला पुरून उरतें, आणि वैशाखांत पाणी तापवितें तें वेगळेंच. टाकी उन्हापासून दूर ठेवावी व तिला दिव्याचा प्रकाश द्यावा. हल्लीं मिळणारे एल.ई.डी. दिवे यास चांगले. नवीन टाकीला दिवसाचे ६ तास, झाडें मुरल्यावर फार तर ८ तास. दिवा हातानें लावण्याच्या भानगडींत पडूं नये, वेळेवर बंद होणारें बटण बसवावें. पाहुणे आले म्हणजे टाकी दाखविण्यासाठीं रात्रीं दहापर्यंत दिवा जळत ठेवण्याची आम्हां सर्वांना खोड आहे, आणि पाहुणे गेल्यावर शेवाळ राहतें.

दुसरी गोष्ट झाडांची. चार काड्या लावून अर्धी टाकी मोकळी ठेवणें म्हणजे शेवाळाला आमंत्रण. प्रारंभींच तळाचा बहुतेक भाग झाडांनीं भरावा, आणि त्यांत भराभर वाढणारीं असावीं: हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम. हीं तिन्ही आपल्या तळ्यांत आपोआप वाढतात. मात्र तळ्यांतून आणलेलीं झाडें नीट धुऊन, कांहीं दिवस वेगळ्या बादलींत ठेवूनच टाकींत लावावीं.

येथें एक समज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटतें कीं, पाण्यांत खत असतें म्हणून शेवाळ येतें. तेव्हां खताचा थेंब घालूं नये. प्रत्यक्षांत भुकेलें झाड पिवळें पडतें, त्याचीं पानें झडतात, आणि त्या रोगट पानांवरच शेवाळ प्रथम बसतें. जर्मन रसायनज्ञ लीबिग यानें १८४० च्या सुमारास जो नियम लोकप्रिय केला तो येथें उपयोगी पडतो. शंभर माणसांची पंगत असून पत्रावळी साठच असल्या, तर तांदूळ कितीही शिजवा, एका वेळीं साठच जेवणार. झाडाचें तसेंच आहे. नायट्रेट भरपूर, पण पोटॅश किंवा लोह नाहीं, तर तें वाढ थांबवितें आणि उरलेलें नायट्रेट शेवाळाला मोकळें राहतें. बहुधा कमी पडतो तो कर्बद्विप्राणिद वायु. पाण्यांत तो हवेंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पट मंद गतीनें पसरतो; त्यामुळें झाडापाशीं तो वेळेवर पोंचत नाहीं. प्रखर दिवे लावणारे हौशी लोक नळकांड्यांतून तो सोडतात. अंदाज चुकला तर मासे गुदमरतात, म्हणून घरगुती टाकीला माझा सल्ला साधा आहे: दिवा सौम्य ठेवा, मग वायूची तूट जाणवणार नाहीं.

शेवाळाच्या जाति ओळखतां आल्या तर उपाय सोपा जातो. नव्या टाकींत तपकिरी धूळ बसते ती डायटम नांवाच्या जीवांची. ती बहुधा कांहीं आठवड्यांत आपोआप जाते, तिच्यासाठीं जीव काढूं नये. पाणीच वाटाण्याच्या आमटीसारखें हिरवें झालें, तर टाकी जाड कापडानें झांकून तीनचार दिवस पूर्ण अंधारांत ठेवावी. झाडांपाशीं सांठा असतो, तीं तगतात. मग तिसरा हिस्सा पाणी बदलावें, कारण मेलेलें शेवाळ कुजून प्राणवायु खातें. सालीसारखा निघणारा, घाण वासाचा निळसर हिरवा थर हें खरें शेवाळ नव्हेच, ते जिवाणू आहेत; तो नळीनें ओढून काढावा व पाण्याचा प्रवाह वाढवावा. दाढीच्या खुंटांसारखें काळें शेवाळ प्रत्यक्षांत तांबड्या शेवाळांच्या कुळांतलें, आणि फार चिवट. तीं पानें कापून टाकण्याइतका सोपा उपाय मला सांपडला नाहीं.

औषधांविषयीं मी सावध आहें. दुकानांत मिळणाऱ्या कांहीं शेवाळनाशकांत तांबें असतें. तें शेवाळ मारतें हें खरें, पण गोगलगायी व कोळंब्या त्याहून लवकर मारतें. ताकाशी आमानो या जपानी छायाचित्रकारानें (१९५४–२०१५) वनस्पतींच्या टाक्यांची कला जगभर नेली, तेव्हां त्यानें शेवाळ खाण्यासाठीं एका लहानशा कोळंबीलाच कामाला लावलें. औषधानें ती पहिली गेली असती.

बाकीचें काम मोलकरणीच्या कामासारखें नित्याचें. आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावें. नवें पाणी उघड्या बादलींत चोवीस तास ठेवलें म्हणजे साधें क्लोरीन उडून जातें. स्पंज टाकींतून काढलेल्या पाण्यांतच हलके पिळावा, नळाखालीं कधींही नाहीं. खाणें दिवसांतून एकदां, दोनतीन मिनिटांत संपेल इतकेंच. हें शेवटचें कलम मुलांना पटत नाहीं, आणि आजींना तर मुळींच नाहीं.

आमची टाकी आतां भिंतीशीं आहे. उरलेल्या तीन गप्पींचा वंश इतका वाढला कीं शेजारीं वांटावे लागले. पुढची कांच मी रविवारीं घांसतों. मागची मुद्दाम तशीच ठेवली आहे. रात्रीं गोगलगायी तिच्यावरून चरत जातात आणि सकाळीं त्या हिरव्या पाटीवर त्यांच्या वाटा उमटलेल्या दिसतात. नात त्यांत अक्षरें शोधते. परवां तिला एक 'ळ' सांपडला.