दोन कॉलम, एक प्रवाह : वर्डमध्ये माउसशिवाय कसं फिरायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं जातं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून देतोय. विषय छोटा आहे. वर्डमध्ये पानाचे दोन कॉलम केले, की एका कॉलममधून दुसऱ्यात कीबोर्डवरून कसं जायचं?

आधी माझी एक फजिती सांगतो. आमच्या भागातल्या वाचनालयाची स्मरणिका मी टाइप केली होती. एका पानावर डावीकडे अध्यक्षांचं मनोगत आणि उजवीकडे वर्षाचा खर्च. मी काय केलं, तर प्रत्येक ओळीत स्पेसबार दाबत दाबत मधे जागा सोडली आणि पुढे उजवीकडचा मजकूर टाइप केला. छापून आलं तेव्हा पान अगदी छान दिसत होतं. मग फाइल सगळ्या सभासदांना पाठवली आणि दुसऱ्याच दिवशी एकांचा फोन आला. त्यांना दिसत नाही, ते एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर वापरतात. म्हणाले, "अहो, अध्यक्षांच्या मनोगतात मधेच कपाटाच्या दुरुस्तीचा खर्च कसा काय येतो?"

मी खजील झालो. चूक त्यांच्या सॉफ्टवेअरची नव्हती, माझी होती. स्क्रीन रीडर फाइलमधला मजकूर ज्या क्रमाने आहे, त्या क्रमाने वाचतो. माझ्या फाइलमध्ये कॉलम नव्हतेच. होत्या त्या नुसत्या लांबलचक ओळी, मधे स्पेस भरलेल्या.

आता मुद्दा नीट समजून घ्या, म्हणजे शॉर्टकट पाठ करावे लागणार नाहीत. खरा कॉलम म्हणजे शेजारी ठेवलेले दोन कागद नव्हेत. मजकूर एकच असतो. तो डाव्या कॉलमच्या तळापर्यंत जातो आणि उजव्या कॉलमच्या माथ्यावरून पुढे सुरू होतो, वर्तमानपत्रातल्या बातमीसारखा. म्हणूनच डाव्या कॉलममधल्या ओळीच्या शेवटी उभं राहून उजवा बाण दाबला, तर कर्सर शेजारच्या कॉलममध्ये जात नाही, त्याच कॉलमच्या पुढच्या ओळीवर येतो. कॉलम खरा की खोटा, हे ओळखायची हीच परीक्षा. बाण दाबल्यावर कर्सर मधल्या मोकळ्या जागेत एकेक पाऊल टाकत चालला, तर समजा की तिथे कोणीतरी माझ्यासारखाच स्पेसबार बडवलाय.

मग पलीकडे जायचं कसं? ऑल्ट धरून खालचा बाण दाबा. कर्सर थेट पुढच्या कॉलमच्या सुरुवातीला जातो. मागच्या कॉलमकडे यायचं असेल तर ऑल्ट आणि वरचा बाण. फक्त प्रिंट लेआउटमध्ये असा. ड्राफ्ट व्ह्यूमध्ये कॉलम शेजारी शेजारी दिसतच नाहीत, सगळा मजकूर एकाखाली एक दिसतो.

आणि हो, मराठी टायपिंग चालू असताना इंग्रजीवर जायची गरज नाही. हे शॉर्टकट बाणांवर आहेत, अक्षरांवर नाहीत.

दुसरी गोष्ट. डावीकडचा मजकूर अर्ध्यातच संपला आणि पुढचा उजवीकडे सुरू करायचाय, तर एंटर मारत बसू नका. वर एक ओळ वाढली की खालचं सगळं घसरतं. त्याऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकदम दाबा. याला कॉलम ब्रेक म्हणतात. लिबरऑफिस रायटरमध्येही हेच चालतं. शिफ्ट सोडून नुसतं कंट्रोल-एंटर दाबलंत, तर मात्र मजकूर थेट पुढच्या पानावर जाईल.

आता खर्चाचा हिशोब. तिथे नाव आणि रक्कम समोरासमोर हवी, म्हणजे तिथे टेबल पाहिजे. टेबलाच्या कॉलमचे शॉर्टकट वेगळे आहेत. टॅब दाबलं की पुढचा चौकोन, शिफ्ट-टॅब दाबलं की मागचा. ऑल्ट-पेज अप त्या कॉलमच्या सगळ्यात वरच्या चौकोनात नेतं, ऑल्ट-पेज डाउन सगळ्यात खालच्या. आडव्या ओळीच्या सुरुवातीला जायला ऑल्ट-होम, शेवटाला ऑल्ट-एंड. लॅपटॉपवर होम, एंड, पेज अप या कळा वेगळ्या नसतील, तर बहुधा एफएन कळ धरून बाण दाबावे लागतात.

टेबलात एक गंमत आहे. शेवटच्या चौकोनात टॅब दाबलं की नवी ओळ तयार होते. नकळत झाली तर घाबरू नका, कंट्रोल-झेड आहेच.

त्या स्मरणिकेचं पुढे काय झालं? सगळे स्पेस काढले, पानाला दोन कॉलम दिले, मनोगत संपल्यावर कॉलम ब्रेक टाकला आणि खर्च टेबलात बसवला. एक संध्याकाळ गेली. फाइल पुन्हा त्याच सभासदांना पाठवली. त्यांचा फोन आला, "आता कळलं अध्यक्ष काय म्हणतायत ते. आणि बेरजेत एक चूक आहे, ती बघा." बेरीज खरंच चुकली होती. छापील प्रत वाचणाऱ्या कोणाच्याही ती लक्षात आली नव्हती.

या भागातले शॉर्टकट

- पुढचा कॉलम : ऑल्ट + खालचा बाण
- मागचा कॉलम : ऑल्ट + वरचा बाण
- कॉलम ब्रेक : कंट्रोल + शिफ्ट + एंटर
- टेबलात कॉलमचा माथा किंवा तळ : ऑल्ट + पेज अप किंवा पेज डाउन
- टेबलात ओळीची सुरुवात किंवा शेवट : ऑल्ट + होम किंवा एंड

आज एखादी जुनी फाइल उघडा आणि उजव्या बाणाची परीक्षा घेऊन बघा. भेटू पुढच्या भागात!