फ्लायव्हीलचे बोल्ट: जुने चालतात का?

गाडी समजून घेताना : लेखांक ९

मागच्या लेखांकात गिअरबॉक्स खाली उतरवून आपण क्लच प्लेट बदलली. शीळफाट्याच्या रांगेत अर्ध्या क्लचवर सरकणाऱ्या आणि मुरबाडमार्गे माळशेज चढणाऱ्या गाड्यांची प्लेट लवकर जाते, त्यामुळे विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या गॅरेजांना हे काम नवं नाही. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्रँकचं मागचं ऑईल सीलही बदलून घ्या, असं मिस्त्री सुचवतो. सल्ला रास्त आहे. पण सीलपर्यंत पोचायचं तर फ्लायव्हील काढावं लागतं. मग निघालेले सहा-आठ बोल्ट परत लावायचे की नवे आणायचे?

"चांगले दिसतायत, लावून टाकू," हे उत्तर सर्रास मिळतं. काही गाड्यांना ते चालून जातं, काहींना अजिबात चालत नाही. फरक बोल्टच्या दिसण्यात नसतो. कंपनीने तो कसा आवळायला सांगितलाय, यात असतो.

बोल्ट नेमकं काय करतो?

फ्लायव्हील क्रँकच्या फ्लँजवर बसतं आणि इंजिनाचा सगळा जोर याच जोडातून क्लचकडे जातो. बोल्टच या चाकाला ढकलून फिरवतात, असा अनेकांचा समज असतो. खरं तर बोल्टांनी दोन्ही पृष्ठभाग इतके घट्ट दाबून धरायचे असतात, की त्यांच्यातल्या घर्षणानेच चाक फिरावं. हा दाब कमी पडला की चाक केसभर सरकू लागतं. बोल्टवर आडवा मार बसतो, भोकं लांबट होतात आणि शेवटी बोल्ट तुटतात. २५ सेंटिमीटर व्यासाच्या फ्लायव्हीलची कड ६००० आरपीएमला ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने फिरत असते. असं चाक सुटलं तर बेल हाउसिंग फोडून बाहेर येऊ शकतं.

दाब येतो ताणातून. आवळताना बोल्ट किंचित लांबतो आणि परत आखडू पाहतो. त्या ओढीने चाक फ्लँजला चिकटून राहतं. जुन्या पद्धतीचे बोल्ट आखडण्याच्या मर्यादेतच ताणले जातात आणि सोडल्यावर मूळ लांबीवर येतात. डोंबिवलीत कारखाना असलेल्या प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या ११८ एनईला निस्सानचं इंजिन होतं. त्या पिढीच्या इंजिनांचे बोल्ट साधारणपणे ठरावीक टॉर्कवर आवळायचे आणि आटे धड असतील तर पुन्हा वापरायचे.

नंतरच्या अनेक इंजिनांत बोल्ट मुद्दाम त्या मर्यादेपलीकडे ताणतात, कारण तिथे सगळ्या बोल्टांचा दाब जवळजवळ सारखा मिळतो. चाकणला २००९ पासून गाड्या बनवणाऱ्या फोक्सवॅगनच्या अनेक इंजिनांसाठी ६० न्यूटन मीटर आणि त्यावर पाव फेरी, म्हणजे ९० अंश, असं माप आहे. असा बोल्ट एकदा ताणला की ढिल्या पडलेल्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा होतो: जागेवर बसतो, पण धरून ठेवत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर अंश लिहिले असतील किंवा 'नवे वापरा' असं म्हटलं असेल, तर जुने बोल्ट भंगारात टाका.

जुना बोल्ट तपासताना

साध्या टॉर्कचा बोल्ट असला तरी तो आधी घासून स्वच्छ करा. त्याच मापाचा नवा नट हाताने शेवटच्या आट्यापर्यंत फिरवून पाहा. मध्ये कुठे अडकला तर आटे ताणले किंवा दुखावले गेलेत. नव्या बोल्टशेजारी ठेवून लांबी बघा, मान बारीक झालीय का ते पाहा. गंजाचे खड्डे, गोल झालेलं डोकं, चीर, यांतलं काहीही दिसलं तर एक बोल्ट न बदलता सगळा संच बदला.

नवे आणतानाही डोक्यावरचा आकडा बघा. १०.९ मधला १० म्हणजे सुमारे १००० मेगापास्कल तन्यबल; .९ म्हणजे त्याच्या ९० टक्के ताणापर्यंत बोल्ट मूळ लांबीवर परततो. त्याजागी हार्डवेअरच्या दुकानातला ८.८चा बोल्ट आट्यात बरोबर बसेल, पण तो कमकुवत असतो.

आवळण्याची रीत

आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात आणि ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. ताणासाठी उरतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून आट्यात ऑईल गेलं की टॉर्क पाना तोच आकडा दाखवतो, पण बोल्ट जास्त ताणला जातो. कचरा असला तर कमी. कोरडे की ऑईल लावून, हे मॅन्युअल सांगेल तसंच करा.

क्रँकची भोकं आरपार असतील तर आट्यांवाटे ऑईल झिरपून नव्या क्लच प्लेटवर येतं. अशा वेळी कंपनीने सांगितलेला लॉकटाइट किंवा सीलंट लागतो. काही नव्या बोल्टांवर तो आधीच लावलेला असतो. त्यावर आणखी थापू नये.

फ्लँज आणि फ्लायव्हीलची पाठ पुसून घ्या, डॉवेल पिन जागेवर बसवा. सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत आवळा. अंशांची पाळी आली की प्रत्येक डोक्यावर पांढऱ्या मार्करने रेघ मारा; कोणता राहिला ते लगेच दिसतं. इम्पॅक्ट गनने शेवटचं आवळू नका. चाक अडवायला रिंग गिअरचं लॉकिंग टूल वापरा. स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर बेल हाउसिंगचं ॲल्युमिनियम तडकतं.

काढतानाही घाई नको. शेवटचा बोल्ट निघाला की सात-आठ किलोचं चाक थेट पायावर येऊ शकतं. तो सैल करून ठेवा आणि दोघांनी धरूनच चाक उतरवा. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्या. क्लचची भुकटी कंप्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

काम झाल्यावर खालून ठकठक ऐकू आली आणि क्लच दाबताच ती बदलली, तर गाडी तिथेच थांबवा. सैल फ्लायव्हीलची ही ठकठक इंजिनातल्या बेअरिंगच्या आवाजासारखी वाटते आणि विनाकारण इंजिन उघडलं जातं.

बोल्टांचा खर्च गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याच्या मजुरीपुढे किरकोळ आहे. म्हणून काम देतानाच मिस्त्रीला दोन गोष्टी सांगून ठेवा: बिलावर बोल्टांचा पार्ट नंबर लिहा आणि जुने बोल्ट माझ्या हातात द्या.

(पुढच्या आठवड्यात : रिलीज बेअरिंग का ओरडतं?)