स्टेजवरचा फेड अडखळतोय? आधी केबल बदलू नका

कॉलेजात असताना एका एकांकिकेचे लाईट्स माझ्याकडे होते. पहिलाच सीन पहाटेचा: काळोखातून ९० सेकंदांत हळूहळू केशरी उजेड. रंगीत तालमीत उजेड आला, पण जिना चढत आल्यासारखा, टक टक टक. सुरुवातीला तर केशरीऐवजी चक्क लाल. दिग्दर्शक म्हणाला, "ही पहाट आहे की सिग्नल?" दुसऱ्या दिवशी प्रयोग. मी केबल बदलली, लॅपटॉप बदलला. काहीच फरक नाही.

स्टेजवरचे बहुतेक एलईडी लाईट्स डीएमएक्स ५१२ वर चालतात. एका लाईनवर ५१२ चॅनेल, आणि प्रत्येक चॅनेलला ० ते २५५ मधला एक आकडा. सगळे ५१२ आकडे सेकंदाला साधारण ४४ वेळा जाऊ शकतात, म्हणजे वेग पुरेसा आहे. कमी पडतात त्या पायऱ्या.

आमच्या केशरीत लाल १०० आणि हिरवा ४० होता. ९० सेकंदांत लाल १०० पायऱ्या चढणार, म्हणजे दर ०.९ सेकंदाला एक उडी. २०० वरून २०१ झालं तर कुणाला कळणारही नाही, पण १ वरून २ म्हणजे आकडा थेट दुप्पट! अंधाराला सरावलेल्या डोळ्याला ते लगेच दिसतं. रंगाचंही तेच: लाल १ असताना हिरवा ०.४ हवा, पण तसा आकडाच नाही, म्हणून तो ०. उरतो नुसता लाल. फोनवर अंधाऱ्या व्हिडिओत आकाशात पट्टे दिसतात ना, त्याचं एक कारण अशाच मोजक्या पायऱ्या.

तुमच्याकडे असं झालं तर एक टेस्ट करा. तोच फेड एकदा २ सेकंदांत चालवा, एकदा ६० सेकंदांत. पटकन चालवल्यावर स्मूथ, पण सावकाश चालवल्यावर ठराविक अंतराने उड्या? मग पायऱ्याच कमी आहेत. दोन्ही वेळा कधीही, कसेही झटके? मग केबल, शेवटचा १२० ओहमचा टर्मिनेटर, वायफायवरून सिग्नल जात असेल तर वायफाय, आणि सॉफ्टवेअर तपासा. स्वतः कोड लिहिला असेल तर "एक वाढव, थोडं थांब" असं लूप टाकू नका. कॉम्प्युटर थांबतो तो कधी कमी, कधी जास्त. किती वेळ झाला ते मोजून त्यावरून आकडा काढा.

पायऱ्या कमी असतील तर लाईटच्या मेनूत १६ बिट मोड शोधा. त्यात एका रंगाला दोन चॅनेल लागतात, पण पायऱ्या होतात ६५,५३६. कन्सोलमध्येही तसाच मोड निवडावा लागतो, हे लोक हमखास विसरतात. स्वस्त पारमध्ये हा मोड बहुधा नसतोच. तिथे डिमर कर्व्ह किंवा स्मूथिंगची सेटिंग असेल तर ती लावून बघा. नाहीतर जुगाड: लाईटसमोर करडं जिलेटिन लावा. तेवढ्याच उजेडासाठी आकडे वर न्यावे लागतात, म्हणजे पायऱ्या जास्त मिळतात.

आमच्या पारमध्ये यातलं काहीच नव्हतं. जिलेटिन लावलंच, शिवाय एक जुना हॅलोजन भाड्याने आणला. त्याची फिलामेंट सावकाश तापते, त्यामुळे बारीक उड्या आपोआप पुसल्या जातात. पहिली २० सेकंदं फक्त हॅलोजन, मग त्यावर एलईडी. दिग्दर्शक काहीच बोलला नाही. लाईटवाल्याला एवढं पुरतं.